वाचकांचे प्रश्न : डॉज किंग्जवेचा कार्बोरेटर बदलावा का?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांनी घेतलेली १९५१ची डॉज किंग्जवे आहे. सहा सिलिंडर, इंजिन मूळचंच. गाडी चालते, पण अलीकडे तीन तक्रारी सुरू झाल्या आहेत. पसरणीचा घाट चढताना ओढत नाही. रेस दिली की आधी गचका खाते आणि मग उचलते. पाचगणीला पोहोचून गाडी बंद केली की अर्धा तास परत चालू होत नाही. आमचे मिस्त्री म्हणतात, हा जुना कार्टर कार्बोरेटर भंगारात द्या, अँबेसेडरचा सोलेक्स बसवून देतो, जोडीला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप, म्हणजे कटकट संपेल. वडिलांना मूळ वस्तू काढायची नाही. काय करावं?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : वडिलांचं ऐका. कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, कार्टर कंपनीचाच ठेवा आणि मिस्त्रींनाच तो नीट दुरुस्त करायला सांगा. तुमच्या तीन तक्रारींपैकी पाचगणीची तक्रार बहुधा कार्बोरेटरची नाहीच. उरलेल्या दोन त्याच्या असू शकतात, पण त्या दुरुस्त होणाऱ्या आहेत.

आधी अँबेसेडरच्या कार्बोरेटरचं बघू, कारण हा सल्ला सांगली-साताऱ्यात सर्रास दिला जातो. तुमचं इंजिन २१७.८ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ३.६ लिटरचं. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं. पूर्ण रेसवर, ३६०० फेऱ्यांना, तुमचं इंजिन मिनिटाला साधारण पाच हजार लिटर हवा ओढतं. अँबेसेडरचं इंजिन त्याच्या निम्मी. कार्बोरेटरचा गळा (हवेची वाट) त्या हिशेबाने केलेला असतो. लहान गळ्याचा कार्बोरेटर मोठ्या इंजिनावर बसवला की गावात गाडी छान चालते. हवा गळ्यातून वेगाने जाते, पेट्रोल बारीक फुटतं, स्लो, म्हणजे रेस न देता इंजिनाचं चालणं, चांगलं लागतं. राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारली की मालकही खूश आणि मिस्त्रीही खूश. पण पसरणीला थ्रॉटल (रेस दिली की उघडणारी गळ्यातली पट्टी) पूर्ण उघडला की त्या गळ्यातून जेवढी हवा जाते तेवढीच जाते, पुढे पाय दाबून काही मिळत नाही. म्हणजे तुमची पहिली तक्रार या उपायाने वाढणार. जीपचा सोलेक्स त्यातल्या त्यात बरा, पण जीपचं इंजिनही २.२ लिटरचंच. शिवाय तुमच्या कार्टरमधून एक बारीक नळी डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सला, म्हणजे इंजिनाच्या ओढीवर ठिणगीची वेळ (टायमिंग) पुढे घेणाऱ्या भागाला, जाते. दुसरा कार्बोरेटर बसवताना ती नळी बहुतेक वेळा बोळा घालून बंद केली जाते. मग सपाट रस्त्यावर टायमिंग मागे राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि इंजिन तापतं. महिनाभराने याच गाडीचा रेडिएटर खराब आहे असं निदान होतं.

आता एकेक तक्रार घेऊ.

पाचगणीला गाडी चालू न होणं. तुमच्या इंजिनात वरून हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड आणि जळका धूर बाहेर नेणारा मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून आहेत, आणि कार्बोरेटर त्यांच्या बरोबर डोक्यावर आहे. ही रचना मुद्दाम केलेली आहे. अमेरिकेतल्या कडक थंडीत पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून एक्झॉस्टची ऊब कार्बोरेटरच्या खाली आणतात आणि इंजिन तापलं की ती वळवून देतात. हे वळवण्याचं काम एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधली एक झडप करते. बाहेरच्या बाजूला तिला एक वजन आणि पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. वर्षानुवर्षं कोणी हात लावला नाही की ती काजळीने आणि गंजाने अडकते, आणि अनेकदा ऊब देण्याच्या बाजूलाच अडकते. घाट चढून तापलेली गाडी तुम्ही बंद करता, पंखा थांबतो, खालची सगळी उष्णता वर कार्बोरेटरच्या वाटीत शिरते. पेट्रोल उकळायला शंभर अंश लागत नाहीत, त्यातले हलके अंश चाळीस-पन्नास अंशांपासूनच उडायला लागतात. वाटीतलं पेट्रोल फसफसून मुख्य नळीतून गळ्यात सांडतं आणि सहाही सिलिंडर ओले होतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. पुढच्या वेळी पाचगणीला गाडी बंद केल्यावर पाच मिनिटं थांबा, वरचा एअर क्लीनर काढा, चोकची पट्टी बोटाने उघडी धरा आणि बॅटरीच्या उजेडात गळ्यात बघा. विडी-काडी जवळ नको. इंजिन बंद असूनही मधल्या पितळी तोंडावर पेट्रोलचा थेंब जमतोय, फुगतोय आणि खाली थ्रॉटलच्या पट्टीवर पडतोय असं दिसलं, तर निदान पक्कं झालं. तिथे कुठलाही कार्बोरेटर असता तरी हेच झालं असतं. झडप मोकळी करा. थंड इंजिनावर ते वजन हाताने सहज फिरलं पाहिजे आणि सोडल्यावर स्प्रिंगने परत आलं पाहिजे. दोन्ही टोकांना रॉकेलमध्ये ग्राफाइट कालवून सोडा, रात्रभर ठेवा, मग लाकडी हातोडीने अक्षाच्या टोकावर हलके ठोके द्या. जोर लावून पान्याने फिरवू नका, जुनं बीड तडकतं. कार्बोरेटरच्या खालचं जाड पॅकिंगही तपासा. ते उष्णता अडवण्यासाठीच आहे, आणि अनेक गाड्यांत त्याच्या जागी कोणीतरी कापलेला पातळ कागद निघतो.

तोपर्यंत घाटावर गाडी अडली तर अॅक्सिलरेटर एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबून धरा आणि स्टार्टर मारा. पाय वरखाली करू नका. प्रत्येक दाबाला पंप आणखी पेट्रोल आत फेकतो.

गचका. हे काम कार्टरच्या अॅक्सिलरेटर पंपाचं. तुमच्या कार्बोरेटरमध्ये या पंपाला कातड्याची वाटी असते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की कातडं वाळतं, कडा आत वळतात आणि पेट्रोल पुढे जाण्याऐवजी बाजूने परत वर येतं. वाटी काढून एरंडेलात दोन दिवस बुडवून ठेवा, बोटांनी कडा बाहेर वळवा, बसवा. इंजिन बंद ठेवून गळ्यात बघत रेस दिली की बारीक, सरळ, सलग धार दिसली पाहिजे. तुटक धार आली तर खालची लहान झडप कचऱ्याने उघडी राहते आहे. बाजारात रबरी वाटी मिळते, पण आताच्या पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं. चांगलं कातडं त्याहून टिकतं. हा भाग सत्तर वर्षांपूर्वी ज्याने आखला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

घाटात ओढ नसणं. याला कारणं अनेक आहेत आणि कार्बोरेटर उघडण्याआधी बाकीची तपासायला हवीत. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची गॅप अर्धा मिलिमीटर आहे का, कंडेन्सर तापल्यावर दगा देतो का, सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे का, अॅडव्हान्सचा डायफ्रॅम फाटला आहे का. या शेवटच्या गोष्टीसाठी ती बारीक नळी तोंडाने ओढून जिभेने बंद करा. ओढ टिकली तर डायफ्रॅम शाबूत. मिस्त्रींकडे व्हॅक्यूमचा मीटर असेल तर स्लोवर काटा स्थिर राहतो का बघा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन १७ ते २१ इंच दाखवतं. सातारा सातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे दोन-अडीच इंच कमी दिसले तर घाबरू नका. काटा थरथरत असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये शोधा.

हे सगळं ठीक निघालं तर कार्बोरेटर उघडा आणि त्यातला लहान व्हॅक्यूम पिस्टन बघा. सपाटीला चालताना इंजिनाची ओढ त्याला एका बाजूला धरून ठेवते. चढाला ओढ कमी होते, स्प्रिंग त्याला सोडवते आणि जास्तीच्या पेट्रोलची वाट उघडते. तो ज्या भोकात सरकतो ते भोक जस्ताच्या मिश्रधातूचं आहे. ओल लागली की तिथे पांढरी भुकटी साचते आणि पिस्टन जागच्या जागी चिकटतो. मग सपाटीला गाडी उत्तम आणि घाटात मलूल, अगदी तुम्ही लिहिलंय तशी. भोक स्वच्छ कापडाने आणि कार्बोरेटर क्लीनरने साफ करा. पॉलिश पेपर इथे चालवू नका, भोक मोठं होतं.

साफसफाईबद्दल मिस्त्रींना माझ्यातर्फे हात जोडून एक विनंती : कार्बोरेटर कॉस्टिकच्या पाण्यात टाकू नका. इंजिनाचे बिडाचे भाग त्यात चांगले निघतात म्हणून आपल्याकडे सगळंच त्यात टाकायची सवय आहे. जस्त आणि अॅल्युमिनियम कॉस्टिक खातं. काळपट, खडबडीत, भोकाभोकांनी निघालेले कितीतरी चांगले कार्बोरेटर मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकात, तारही घालू नका. पितळ मऊ असतं, एका ओरखड्याने माप बदलतं.

आता झीज. थ्रॉटलचा दांडा खालच्या बिडाच्या भागात फिरतो. सत्तर वर्षांत तो भोकात सैल होतो आणि तिथून इंजिन हवा घेतं. स्लो लागत नाही म्हणून मिस्त्री स्क्रू फिरवत राहतात आणि हाती काही लागत नाही. स्लोवर इंजिन चालू असताना दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड तेलाचा एकेक थेंब सोडा. क्षणभर आवाज सुधारला तर हवा तिथूनच जाते. पेट्रोल किंवा स्प्रे मारून ही तपासणी करू नका, खाली तापलेला मॅनिफोल्ड आहे. उपाय लेथवाल्याकडे : भोक रीम करून गनमेटलच्या बुश बसवायच्या आणि नवा दांडा ओढून घ्यायचा. दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये झाली पाहिजेत, नाहीतर पट्टी अडकते. साताऱ्यात किंवा आमच्या कुपवाडच्या एमआयडीसीत हे काम करणारे उत्तम टर्नर आहेत. त्यांना कार्बोरेटरची माहिती असायची गरज नाही, मापाची अक्कल असली की पुरे.

वरचं झाकण जाड काचेवर ठेवून बघा. डुगडुगलं तर वाकलंय. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं हलक्या हाताने फिरवून सपाट करा. नंतर स्क्रू आवळताना हात राखा. ते बहुतेक वाकतं ते आवळून आवळूनच.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. कृष्णा-वारणेच्या काठचा आपलाच ऊस त्यात आहे, आणि ऊसवाल्याच्या घरात चार पैसे जास्त येत असतील तर मला आनंदच आहे. गाडी मात्र १९५१च्या पेट्रोलसाठी बनली होती, तेव्हा जुळवून आपणच घ्यायचं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. मिश्रणाचा हिशेब केला तर त्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन हवं. जुना जेट ते देत नाही, म्हणून इंजिन भुकेलं चालतं : गचका, तापणं, प्लग पांढरे पडणं.

गंमत अशी की उंचीवर उलटं होतं. हवा विरळ होते, पण जेट तेवढंच पेट्रोल देऊ पाहतो, म्हणून मिश्रणात पेट्रोल जास्त होतं. साताऱ्याच्या उंचीला हा फरक तीनेक टक्के, महाबळेश्वरच्या साडेतेराशे मीटरला सहा-सात टक्के. म्हणजे महाबळेश्वरला तुमचा जुना जेट नव्या पेट्रोलला जवळजवळ बरोबर आहे, साताऱ्यात थोडा कमी, आणि गणपतीपुळ्याला गेलात तर पूर्ण आठ टक्के कमी. त्यामुळे आठ टक्क्यांचा पूर्ण हिशेब करून जेट मोठा करू नका. भोकाचा व्यास दोन टक्क्यांनी वाढवला की क्षेत्रफळ चार टक्क्यांनी वाढतं, आणि सातारा-वाई-पाचगणीच्या फिरण्याला तेवढं पुरे. समजा भोक दीड मिलिमीटरचं असेल तर १.५३. हे काम मूळ जेटवर करू नका. पितळेचा दुसरा जेट करून घ्या आणि मूळचा डबीत ठेवा. मग लांब फेरी मारून प्लग बघा, फिक्या कॉफीच्या रंगाचे हवेत.

इथेनॉलमुळे आणखी दोन गोष्टी बदला. पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घाला. खाली लाल झालेला मॅनिफोल्ड असताना फुगलेला पाइप सुटला तर गाडी जळते, यात हयगय नको. दुसरं, पॅकिंगला शेलॅक, म्हणजे लाख, लावायची आपल्याकडची जुनी रीत सोडा. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तीच चिकट होऊन जेटमध्ये जाऊन बसते.

इलेक्ट्रिक पंपाची गरज नाही. तुमची गाडी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, आहे. बाजारातले बहुतेक पंप बारा व्होल्टचे, निगेटिव्ह अर्थचे. शिवाय वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी कार्टरची नीडल चार-पाच पौंड दाब धरते. त्याहून जास्त दिला की वाटी ओसंडते. मूळ मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅम बदला.

मग कार्टर कधी टाकायचा? वाटीच्या भिंतीला तडा गेला असेल, जस्त खाऊन आरपार भोक पडलं असेल, किंवा जेटचे आटे उरलेच नसतील तर. तेव्हाही आधी त्याच जातीचा दुसरा शोधा. किंग्जवे, प्लिमथ, डिसोटो या गाड्या कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये जुळवल्या जात. ती कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढली. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. या गाड्या आपल्याकडे बऱ्यापैकी आल्या, त्यामुळे जुन्या बाजारात दोन अर्धे कार्टर मिळून एक पूर्ण होतो. आणि जुना कार्बोरेटर कधीही भंगारात देऊ नका. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरं येतात. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आज ना उद्या वडिलांना ती नोंदणी करावीशी वाटली तर इंजिनावरची प्रत्येक मूळ वस्तू उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्याकडे १९४७ची शेवरले फ्लीटमास्टर आहे. पुण्यातल्या एका मित्राने दोन कार्बोरेटर बसवायचा सल्ला दिला आहे. हायवेवर ट्रकच्या मागे राहावं लागतं म्हणून विचारतो.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : बसवू नका. तुमचं २१६ घनइंचांचं इंजिन ९० हॉर्सपॉवर देतं ते ३३०० फेऱ्यांना, आणि त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगना दाबाने तेल मिळत नाही. रॉडच्या खालच्या टोकाला पळी असते, ती चेंबरमधलं तेल उचलते. बेअरिंगही ओतीव बॅबिटचं, म्हणजे मऊ मिश्रधातूचं. या इंजिनाला जास्त हवा दिली की ते जास्त फिरतं, आणि जास्त फिरवलं की बॅबिट वितळतं. आता असं बॅबिट ओतून देणारे कारागीर फार थोडे उरले आहेत. मूळचा कार्टर डब्ल्यू-१ चांगला आहे. त्यातली मीटरिंग रॉड, म्हणजे जेटमध्ये वरखाली होणारी निमुळती सळई, झिजली आहे का आणि थ्रॉटलच्या जोडणीशी जुळलेली आहे का तेवढं बघा. बहुतेक फ्लीटमास्टरचा मंदपणा तिथे असतो. आणि ट्रकच्या मागे राहा.

प्रश्न : पावसाळ्यात चार महिने गाडी बाहेर काढत नाही. कार्बोरेटर रिकामा ठेवावा की भरलेला?
— एक वाचक, मिरज

उत्तर : पूर्वी मी भरलेला म्हणालो असतो, कारण कातडं आणि पॅकिंग ओलं राहतं. इथेनॉलच्या पेट्रोलला आता ते लागू नाही. ते हवेतली ओल शोषतं, पाणी तळाला बसतं आणि जस्ताला खातं. टाकी पूर्ण भरा म्हणजे आत हवा कमी राहील. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, आणि वाटीच्या तळाला स्क्रू असेल तर उरलेलंही काढा. दसऱ्याला बाहेर काढताना आधी पेट्रोल पंपाची गाळाची वाटी रिकामी करून धुवा, अॅक्सिलरेटर पंपाच्या कातड्यावर दोन थेंब तेल सोडा आणि मगच स्टार्टर मारा.